आधीबाई आणि तीन नंबरची खिडकी

माझ्या आत्याला अख्खं हॉस्पिटल आधीबाई म्हणायचं. हे नाव ठेवलं माझ्या आईने, आणि ठेवलं तेव्हा लाडानेच ठेवलं होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे या दोघींबद्दल जे सांगायचंय त्यात लाडाचं फारसं काही उरलेलं नाही.

मी लहान असताना एकदा रडत घरात आले. आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, पडले. आईने गुडघा धुतला, फुंकर मारली, तिच्या लेखी विषय संपला. आत्या मात्र माझ्यासमोर फरशीवर बसली. "पडलीस. बरं. त्याच्या आधी काय झालं?"

"पळत होते."

"त्याच्या आधी?"

"कुत्रं मागे लागलं."

"आणि त्याच्या आधी?"

"मी त्याला दगड मारला."

आत्या उठली. "वहिनी, गुडघ्याला काही झालेलं नाही. हिच्या हाताला औषध लाव." आई हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "अगं, तू हिची आत्या की आधीबाई?" दोघी एकाच हॉस्पिटलात कामाला. दुसऱ्या दिवशी दुपारी हे नाव कॅन्टीनमध्ये पोचलं, आणि तिथून सगळ्या मजल्यांवर.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का नाही, ते विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. आमच्याकडेच राहायची, मागच्या खोलीत. हॉस्पिटलात तिची जागा तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, कंप्युटरच्या खोलीत. खिडकी नाही, मशीनसाठी गारठा करून ठेवलेला, म्हणून भर उन्हाळ्यातही ही बाई कामावर स्वेटर घेऊन जायची. लोक हसायचे. हसू देत.

तिचं काम सांगते. हॉस्पिटलची सगळी नोंदणी एका सिस्टिमवर चालायची. ती सिस्टिम जे जे करते त्याची एकेक ओळ लिहून ठेवते. अमक्याने हे मागितलं, तमक्याला ते दिलं, इथे अडलं, तिथे सुटलं. त्याला लॉग म्हणतात. मशीन दिवसभर बडबडत असतं आणि ती बडबड कुणी ऐकत नाही. आत्याची नोकरी म्हणजे ती ऐकायची. काही बंद पडलं की लॉग उघडायचा आणि कुठे बिनसलं ते शोधायचं. बाकीचे लोक चूक म्हणून लाल पडलेली शेवटची ओळ बघून तिच्यामागे धावायचे. आत्या म्हणायची, "शेवटची ओळ नुसती बोंबलते गं. करून बसलेलं असतं वरचं कुणीतरी." आणि वर वर जात राहायची.

फोनवर तिचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. "बाई, आमचा प्रिंटर मेला."

"मेला नसेल. त्याच्या आधी काय केलंत?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय काय?"

घरातही तेच. आईची एक खोड होती, ती आत्यानेच मला दाखवली. आईला ऐकायचं नसलं की ती भांडी आपटते, तोंडाने हूं हूं करत. खरंच ऐकायचं असलं की पहिल्यांदा गॅस बंद करते. "वहिनीच्या तोंडाकडे बघायचं नाही," आत्या म्हणायची, "गॅसच्या बटणाकडे बघायचं." मग मला काही मागायचं असलं की मी बटणाकडे बघायचे. कधी चुकलं नाही.

आईला हॉस्पिटलातली नोकरी आत्यानेच शब्द टाकून मिळवून दिली होती. तीन नंबरची खिडकी. तळमजल्यावर, मोठ्या मशीनच्या तपासणीचे नंबर फक्त त्या खिडकीवर मिळायचे. मशीन एकच आणि त्याच्यावर आस लावून बसलेले लोक ढीगभर. आई चिठ्ठी द्यायची, तारीख-वेळ घातलेली, आणि लोक ती चिठ्ठी पाकिटात नाही, खिशात नाही, मुठीत धरून जायचे. आईला त्या खिडकीचा गर्व होता. का नसावा? सकाळी दोघी डबे घेऊन बरोबर निघायच्या, संध्याकाळी बरोबर यायच्या, आणि वाटेत साऱ्या हॉस्पिटलचं उणंदुणं काढायच्या. नणंद-भावजयीचं इतकं जमतं याचं लोकांना नवल वाटायचं. मला वाटतं लोकांची नजरच लागली. लागली नसेल तर काय झालं ते मी सांगतेच.

आता जरा समजून घ्या, अवघड नाही. एक नंबर द्यायचा म्हणजे सिस्टिमला तीन कामं करावी लागतात. मशीनची वेळ धरून ठेवायची, ती पेशंटच्या फाइलला लावायची, आणि तपासणी विभागाला निरोप पाठवून त्यांचा होकार घ्यायचा. तिन्ही झाली तर व्यवहार पुरा. एक जरी अडलं तर उरलेलं सगळं पुसून टाकायचं, जणू काही घडलंच नाही. अर्धं ठेवायचं नाही. आत्या म्हणायची, "माणसांपेक्षा बरं. माणसं अर्धं करतात आणि झालं म्हणून सांगतात."

होकारासाठी किती वेळ थांबायचं, याचा एक आकडा सिस्टिममध्ये घातलेला असतो. एकदा वरून पाहणीला पाहुणे यायचे होते. रांग संथ दिसते म्हणून साहेबांनी, म्हणजे कंप्युटर विभागाच्या प्रमुखांनी, सिस्टिम पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला जाता जाता सांगितलं, तो थांबायचा वेळ जरा कमी करा. लेखी नाही काही. आत्याच्या कानावरही नाही. त्याने आकडा खाली आणला. रांग झपझप सरकायला लागली, पाहुणे खूश, साहेब खूश.

इकडे काय व्हायला लागलं, तर तपासणी विभागाचा होकार जरा उशिरा आला की सिस्टिम म्हणायची, आला नाही, पुसा. पण चिठ्ठी आधीच छापून माणसाच्या हातात पडलेली असायची. माणूस चिठ्ठी घेऊन घरी, आणि त्याची वेळ सिस्टिममध्ये मोकळी. मोकळी झाली की पुढच्या कुणाला तरी ती मिळणार. मग ठरलेल्या दिवशी हा माणूस उपाशीपोटी येऊन उभा राहायचा, आणि त्याच्या जागी दुसराच मशीनवर झोपलेला.

लॉगमध्ये ओळ पडायची: रद्द, खिडकी तीन. त्याच्यापुढे आईचा नंबर. ही ओळ लाल नव्हती. रद्द करणं म्हणजे चूक थोडीच, लोक रोज रद्द करतात. आत्याच्या समोर रोज सकाळी फक्त लाल ओळींची यादी यायची, त्यामुळे तिला पत्ता नाही. आणि बाहेर बोभाटा झाला, तीन नंबरवाली नंबर विकते. ज्याला दिलेला असतो त्याचा रद्द करते आणि पैसे घेऊन दुसऱ्याला देते.

साहेबांनी यादी काढली. रद्द झालेले सगळे नंबर एकाच बाईच्या नावावर. अहो, दुसऱ्या कुणाच्या नावावर असणार? ते नंबर देणारी खिडकीच एक! पण हे सांगायचं कुणाला? त्यांनी आईला वर बोलावलं, ओळखपत्र टेबलावर ठेवायला सांगितलं, चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. आई भर दुपारी घरी आली. डबा न उघडलेला. तो तिने ओट्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ झाकणावर हात ठेवून उभी राहिली. मी तेव्हा कॉलेजात होते, परीक्षेचा अभ्यास करत होते. मला वाटलं, हिला बरं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने लाल यादी बाजूला सारली आणि अख्खा लॉग उघडला. आईच्या नावाची एक रद्द ओळ धरली आणि वर निघाली. त्याच्या आधी काय? होकार आला नाही. त्याच्या आधी? निरोप गेला होता. त्याच्या आधी? चिठ्ठी छापली. आणि खाली पुढे बघते तर होकार आलेला आहे, पण पुसून झाल्यावर! तिने एक बघितलं, दुसरं बघितलं, सगळीकडे तेच. मग तो आकडा बघितला आणि कपाळावर हात मारला.

इथे माझ्या आत्याने जे केलं ते तिच्या धंद्यातलं कुणीही भलं माणूस करेल, आणि भल्या माणसाशिवाय कुणी करणार नाही. खाली खिडकी आदल्या दुपारपासून बंद होती आणि तिच्यापुढे माणसं चिठ्ठ्यांसाठी उभी होती. बदली बाई येऊन खिडकी उघडली की त्यांच्याही चिठ्ठ्या फोल ठरणार होत्या. तिने आकडा होता तसा केला. दोन बटणं. बिघाड संपला. मग तिने लॉगची काही पानं छापली, साहेबांच्या टेबलावर ठेवली, साहेब बाहेर गेले होते, आणि संध्याकाळी उड्या मारतच घरी आली. "वहिनी! सापडलं! तुझा काही संबंध नाही, त्या मेल्या आकड्याचं काम. सोमवारी डबा दोघींचा भर."

आईने गॅस बंद केला होता. सगळं ऐकलं आणि आत्याच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. बाबा दारात उभे राहून उगाच घसा खाकरत होते. ते घरातलं शेवटचं चांगलं रडणं.

सोमवारी साहेबांनी आत्याला बोलावलं. पानं चाळली. म्हणाले, "मला एक सांगा. त्या घरी बसल्यापासून एक तरी नंबर असा रद्द झाला?"

"नाही साहेब. मी आकडा..."

"एकही नाही?"

"नाही. कारण मी..."

"मग?" साहेब म्हणाले.

झालं. एवढंच. बाई गेली आणि प्रकार थांबला. शेंबड्या पोराला पटेल असा पुरावा. आणि तो पुरावा माझ्या आत्याने स्वतःच्या हाताने तयार करून दिला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

चौकशीला समिती बसली. तिघेजण, पाण्याचे ग्लास, झाकणं. आत्याने पानं पुढे केली. एकाने विचारलं, "या तुमच्या कोण?" आत्या म्हणाली, "वहिनी." तो म्हणाला, "बरं," आणि पानं जरा बाजूला सरकवली. कागदावर कुणीही काहीही टाइप करू शकतं, मशीनवर दाखवा. आता मशीनवर काय दाखवणार? लॉगला जागा ठरलेली असते. भरली की नवी ओळ जुन्या ओळीवर लिहिली जाते. समिती बसेपर्यंत ते सगळे दिवस पुसून गेले होते. आत्या म्हणाली, "मग मी आकडा परत कमी करते. तुमच्या डोळ्यांसमोर होईल." साहेब ताडकन म्हणाले, "चालू सिस्टिमला हात लावायचा नाही. पेशंटच्या जिवाशी खेळ आहे." पेशंटच्या जिवाची आठवण त्यांना तेव्हा झाली. कंपनीच्या माणसाने कानावर हात ठेवले. आकडा कमी करायला कुणी सांगितलं, यावर साहेब म्हणाले, "मला आठवत नाही." खोटं बोलले असंही म्हणवत नाही. खरंच आठवत नसेल. जाता जाता म्हटलेलं कुणाच्या लक्षात राहतं?

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण शाळेत पाठ करतो आणि वाक्यात उपयोग करून मार्क मिळवतो. आमच्या घरात ती संध्याकाळी बाबांच्या हातातून कागद होऊन आली. आईला काढून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी आई भांडी आपटत नव्हती, गॅसही पेटलेला नव्हता. आत्या आली, आणि आई तिला जन्मात पहिल्यांदा अहो म्हणाली.

"तुम्ही दुरुस्त का केलंत?"

"अगं वहिनी, माणसं उभी होती गं खाली."

"आणि मी?"

आत्या डब्याची पिशवी छातीशी धरून दारातच उभी.

"साऱ्या जगाला विचारत फिरता, त्याच्या आधी काय झालं, त्याच्या आधी काय झालं. दुरुस्त करायच्या आधी चार माणसांना बोलावून दाखवावं, एवढं नाही सुचलं तुम्हाला? का माझं म्हटल्यावर घाई झाली?"

"मला वाटलं, बिघाड सापडला म्हणजे झालं."

"नोकरी तुम्हीच दिलीत," आई म्हणाली, "घेतलीतही तुम्हीच. फिटलं."

मी मध्ये बोलायला गेले तर बाबांनी माझा दंड धरला. ते कुणाची बाजू घेणार? आपलेच दात, आपलेच ओठ. बाबांनी जे तोंड मिटलं ते आजतागायत त्या विषयावर उघडलेलं नाही, आणि मला विचाराल तर त्यांनी ते उघडायला हवं होतं. बायकोला नाही तर बहिणीला, कुणाला तरी काहीतरी बोलायला हवं होतं. मोठा माणूस गप्प बसला की त्याला लोक समजूतदार म्हणतात. समजूतदार कसला, भित्रा!

आत्या मागची खोली सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेली. आई एका झेरॉक्सच्या दुकानात लागली. लोकांचे दाखले, ओळखपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, दिवसभर त्याच्या नकला काढायच्या. कधीतरी हॉस्पिटलची तीन नंबरची चिठ्ठी पण यायची. आई ती काचेवर उताणी ठेवायची की पालथी, हे तेवढ्यापुरतं विसरायची, असं दुकानदार मला एकदा म्हणाला. गल्लीत कुणाशी वाजलं की "नंबर विकणारी" हा शब्द हमखास यायचा. आई उलटून बोलायची नाही. माझी आई, जी एका शब्दाला चार शब्द परत करायची, ती मान खाली घालून जिना चढायची. हे बघायला लागतं ना, तेव्हा साहेब लोकांच्या "आठवत नाही"चं वजन कळतं.

मी दोन्हीकडे जायचे. आत्या विचारायची, "वहिनी काय म्हणते?" मी सांगायचे, काही नाही म्हणत. "काही नाही म्हणजे काय काय?" असं ती पूर्वी विचारायची. आता नाही विचारायची. कामावर मात्र तिने एक बदल केला. रोज सकाळी लाल ओळी सोडून बाकीच्या साध्या ओळीही वाचायला लागली. सगळ्या. जेवणाची सुट्टी त्यात जायची. मी म्हटलं, "आत्या, बैल गेला आणि झोपा केला. आता काय उपयोग?" ती म्हणाली, "दुसरा बैल असतो गं कुणाचातरी."

वर्षं गेली. सिस्टिम बदलली, कंपनी बदलली, साहेब बदलले. फक्त मोठं मशीन एकच राहिलं आणि रांग वाढली. आत्या निवृत्तीला आली होती. तीन नंबरच्या खिडकीवर नवी मुलगी आलेली, घरी तान्हं बाळ ठेवून येणारी. आणि एका सकाळी साध्या ओळी वाचता वाचता आत्या थांबली. चिठ्ठी छापली. निरोप गेला. होकार नाही. पुसलं. मग होकार. नव्या साहेबांनीही रांग सरकवली होती! यांना दुसरं काही सुचतच नाही का हो? आणि रद्द ओळींपुढे त्या मुलीचा नंबर. खाली कुजबूज सुरू झालीच होती. मुलीला वर बोलावून एकदा दम देऊन झाला होता.

दोन बटणांचं काम. आत्याचा हात गेला. आणि तिने तो मागे घेतला.

"मी हात मांडीखाली घेऊन बसले गं," असं तिने मला नंतर सांगितलं. "लहान मुलं बसतात ना, तशी. नाहीतर तो गेलाच असता."

तिने साहेबांना लेखी कळवलं: बिघाड आहे, मी हात लावलेला नाही, येऊन डोळ्यांनी बघा, कंपनीच्या माणसाला आणा, चौकशीवाल्यांना आणा. साहेब म्हणाले, उद्या. उद्या त्यांची मीटिंग निघाली. परवा कंपनीचा माणूस रजेवर. आत्या रोज जाऊन त्यांच्या दारात उभी राहायची, आणि रोज लॉगची नक्कल काढून ठेवायची, आणि रोज खाली चिठ्ठ्या फोल होत राहायच्या.

त्यातल्या एका दिवशी ती जिन्यावरून उतरत होती. तीन नंबरपुढे एक माणूस उभा, शेजारी चाकाच्या खुर्चीत त्याची म्हातारी आई, मांडीवर घडी केलेली शाल. चिठ्ठी त्याने काचेला लावून धरली होती. आतली मुलगी रडायच्या बेताला आलेली, परत परत स्क्रीनकडे बघत होती. नाव नाही. जागा दुसऱ्याची. तो माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं, आत्या म्हणाली. तो ओरडला नाही. त्याने चिठ्ठीची घडी घातली, आईला म्हणाला, "चल, आज नाही आपलं," आणि खुर्ची वळवली. दाराच्या पट्टीत पुढचं चाक अडकलं. त्याने खुर्ची आईसकट उचलून पलीकडे ठेवली.

"मी मदतीला पण नाही गेले," आत्या म्हणाली. "कुठल्या तोंडाने जाऊ? वर गेले आणि परत हात मांडीखाली घेऊन बसले."

शेवटी सगळे जमले. साहेब, कंपनीचा माणूस, समिती. आत्याने कुणाला काही समजावलं नाही. खालून चिठ्ठी निघाली, वर स्क्रीनवर ओळी पडत गेल्या, आणि सगळ्यांच्या देखत एका जिवंत माणसाचा नंबर पुसला गेला. मुलगी तेव्हा चहा प्यायला गेलेली होती, तिच्या जागी समितीतलाच एकजण बसला होता, आत्याने मुद्दाम बसवला होता. रद्द, खिडकी तीन. बोलायला जागाच राहिली नाही. मुलगी सुटली. आकडा तिथल्या तिथे वाढवला गेला.

मग साहेबांनी विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

आत्याने खरी तारीख सांगितली. खोटं बोलायला काय झालं होतं? पण नाही.

"म्हणजे इतके दिवस तुम्हाला माहीत होतं. दुरुस्त करणं तुमच्या हातात होतं. आणि तुम्ही लोकांना परत जाऊ दिलंत?"

"हो," आत्या म्हणाली.

तिला मेमो मिळाला. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर. तिने साहेबांना लिहिलेली पत्रं? ती पोचली होती, त्यावर काही म्हणणं नव्हतं. निवृत्तीचा निरोप समारंभ रद्द. इतक्या वर्षांची नोकरी, आणि आधीबाई एका पिशवीत स्वेटर आणि कप घालून मागच्या दाराने निघून आपल्या खोलीवर आली. तिला दोनदा तोच बिघाड भेटला. पहिल्यांदा दुरुस्त केला म्हणून माझ्या आईची नोकरी गेली, दुसऱ्यांदा केला नाही म्हणून तिची स्वतःची अब्रू. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर विचारायचं, तोंड का सुजलंय?

पण आत्याने हे सगळं सांगितलं त्या दिवशी मला यातलं काही दिसत नव्हतं. मला एकच दिसत होतं: सिद्ध झालं! चारचौघांसमोर, मशीनवर, सिद्ध झालं की असा बिघाड होतो, खिडकीवरच्या बाईचा त्यात हात नसतो. आता आईच्या नावावरचा डाग धुतला जाईल. आता आई आत्याच्या खोलीवर जाईल, किंवा आत्या मागच्या खोलीत परत येईल. मी पळतच घरी आले.

आई स्वयंपाक करत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. चिठ्ठी, होकार, समितीचा माणूस खिडकीवर, मुलगी सुटली. आईने गॅस बंद केला. मी बटणाकडेच बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि तिने काय केलं?" आईने विचारलं. तिने म्हणजे आत्याने.

मी तेही सांगितलं. हात मांडीखाली घेतला ते, पत्रं, रोज दारात उभी राहायची ते.

"म्हणजे बिघडलेलं तसंच ठेवून दाखवायचं असतं, हे तिला कळलं."

"कळलं ना आई. तुझ्या वेळचं बघूनच कळलं."

"हो तर," आई म्हणाली. "शिकली माझ्यावर. आणि वाचवलं कुणाला, तर परक्या पोरीला."

यात खोटं कुठे होतं? आईने हात पुसले, ओट्याला टेकून जरा उभी राहिली. मग तिने परत गॅस लावला आणि भांडं दाणकन ठेवलं.

आत्याने विचारलंच. मी गेले तेव्हा ती त्या पिशवीतून कप काढून विसळत होती. "सांगितलंस वहिनीला? काय म्हणाली?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण लॉग वाचणाऱ्या बाईशी खोटं बोलून उपयोग नसतो, ती वर वर जात राहते. मी शब्द न् शब्द सांगितला. शिकली माझ्यावर, वाचवलं परक्या पोरीला.

आत्या कप धरून उभी राहिली. "बरोबर आहे तिचं," म्हणाली.

मग, किती वर्षांनी कोण जाणे, तिने तो जुना प्रश्न विचारला. "त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काही नाही. मी बोलत होते."

"काही नाही म्हणजे काय काय?"

"गॅस बंद केला होता तिने."

"बंद केला?" आत्याने माझ्याकडे बघितलं. "शेवटपर्यंत?"

"हो. तुझं सगळं होईपर्यंत."

"मग ऐकलं तिने," आत्या म्हणाली, आणि कप पालथा घालून ठेवला. तिला तेवढं पुरलं. मला नाही पुरलं. मला त्या दोघींचा राग आला, अजूनही येतो. त्यांच्या घरांमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर आहे, आणि दोघींचेही गुडघे अजून शाबूत आहेत.